लेकुरवाळीचे बोलणे : ‘जिणं आमचं’ पुन्हा वाचताना

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हापासून अनुभवाचा अस्सलपणा, बोलीचा वापर, ‘मी’ आणि ‘समाज’ यांचे नाते असे कितीतरी प्रश्न आपण घोळवले. परिसंवाद झाले, प्रबंध झाले, अभ्यासक्रमांतून पुस्तके लागली. या सगळ्या गलबल्यात एक माणूस दाराच्या आडच उभे राहिले. कडेवर मूल, पाठीमागे सासू आणि समोर पेटायची राहिलेली चूल अशी ती तरुण बाई. पुरुषांच्या आत्मकथनांत ती आई म्हणून येते तेव्हा आपण गहिवरतो. ती बायको म्हणून येते तेव्हा मात्र दोन-चार पानांत येऊन निघून जाते. ‘बलुतं’मधली सई आठवून पाहा. संशयापायी तुटलेला तो संसार लेखकाने लपवला नाही, हे त्याचे मोठेपण. पण सईला काय वाटले, हे आपल्याला कुणी सांगितले? आपण तरी कधी विचारले?

ही दाराआडची बाई जेव्हा स्वतः बोलू लागते तेव्हा ती काय बोलते, कशाविषयी बोलते आणि कशाविषयी गप्प राहते, याचा विचार बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’च्या आधाराने येथे करायचा आहे. पुस्तक नवे नाही. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली ग्रंथरूपाने निघाले. बेबीताईंचे २०१२ साली निधन झाले. तरीही ते पुन्हा वाचावे असे वाटते, कारण आपण ते अर्धेच वाचले आहे अशी माझी समजूत होत चालली आहे.

प्रथम हे लेखन कसे झाले ते पाहू. बेबीताईंचा जन्म १९२९चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा, म्हणजे आजोळचा. तेराव्या वर्षी लग्न. पुढचे सारे आयुष्य फलटणला. हाताला काम नाही म्हणून नवराबायकोने आधी द्राक्षे विकली, मग भाजी, मग वाणसामानाचे छोटे दुकान टाकले. दहा मुले झाली, त्यांतली तीन दगावली. माल बांधायला रद्दी येई. त्या रद्दीतला मजकूर बेबीताई वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्याशी बसून चार ओळी लिहायच्या आणि वह्या कुणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा कोपऱ्यात सारायच्या. नवऱ्यापासून लपवायचे, मुलापासूनही लपवायचे. अशी सुमारे वीस वर्षे गेली. पुढे फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंना हे कळले, त्यांनी छापण्याचा आग्रह धरला आणि वह्या उजेडात आल्या.

ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. तिच्यात आपल्यावर ठपका आहे, हे सोयीस्करपणे विसरतो. ज्या वीस वर्षांत या वह्या धूळ खात पडल्या होत्या ती कोणती वर्षे? ‘अस्मितादर्श’ सुरू झाले, दलित पँथर उभी राहिली, ‘गोलपिठा’ आला, ती हीच वर्षे. बोलण्याचा हक्क मिळवण्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो होतो, आणि त्याच वेळी आंबेडकरी घरातली एक बाई आपल्याच माणसांच्या भीतीने वही लपवत होती. शेवटी ती वही छापली गेली तीही मध्यमवर्गीय स्त्रियांच्या मासिकात. आपल्या नियतकालिकांना तिचा पत्ता नव्हता. प्रस्थापितांनी आम्हाला बोलू दिले नाही असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. मग बेबीताईंना कुणी बोलू दिले नाही?

पुस्तकाचे नाव ‘जिणं आमचं’. ‘माझं’ म्हटलेले नाही. पहिल्या काही प्रकरणांत लेखिका शोधूनही सापडत नाही. सापडतो तो महारवाडा. आषाढातले देवदेव, पोतराज सोडलेला थोरला मुलगा, मेलेले जनावर फाडण्याची गर्दी, लग्नातली उधळण, येसकराची पाळी. समष्टीचे हे चित्र इतके भरगच्च आहे की बहुतेक समीक्षकांनी पुस्तकाला ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून शिक्का मारला आणि विषय संपवला. दस्तऐवज म्हटले की लिहिणाऱ्याला विचार असतो हे मान्य करावे लागत नाही. कागद बोलतो, माणूस बोलत नाही. बेबीताई मात्र विचार करतात, आणि तो विचार कुटुंबसंस्थेचा आहे.

सासरी आलेली पोर आठ-नऊ वर्षांची. पहाटे कोंबडा आरवायच्या आत तिला उठवून जात्याशी बसवले जाते. इवल्या हातांनी ती भाकऱ्या थापते, त्या बिघडतात. सासू आजूबाजूच्या बायांना गोळा करून त्या भाकऱ्या दाखवते आणि पोरीची अब्रू काढते. पोर घाबरून माहेरी पळते. माहेरचे तिला परत आणून सोडतात. मग तिच्या पायात खोडा पडतो. जड लाकडी ओंडक्याला भोक पाडून त्यात पाय अडकवायचा आणि लोखंडी कांब घालून तो पक्का करायचा. पाय सोलून रक्त येते, पण काम सुटत नाही. ओंडका ओढतच तिने पाणी आणायचे, दळायचे. संशय आला तर नाकाचा शेंडा कापण्यापर्यंत मजल जाते. हे सगळे बेबीताई कोणताही आडपडदा न ठेवता सांगतात. हे करणारे पाटील नाहीत, बामण नाहीत, सावकार नाहीत. हे आपलेच घर आहे.

येथे पुस्तकातला सर्वांत धारदार विचार येतो. बेबीताईंच्या सांगण्याचा आशय असा : गावाने आम्हाला गुलाम केले, पण आम्हीही माणसेच होतो, आम्हालाही कुणावर तरी सत्ता गाजवावीशी वाटे. आमच्या हाताखाली कोण होते? कुणी नव्हते. म्हणून आम्ही आमचे गुलाम घरातच तयार केले. ते गुलाम म्हणजे आमच्या सुना. उतरंडीतले प्रत्येक मडके आपल्या खालचे मडके शोधते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला चढत्या क्रमाची विषमता म्हटले, तिचे मर्म हेच की प्रत्येकाला पायाखाली कुणीतरी मिळते आणि म्हणून व्यवस्था टिकते. अगदी तळाच्या जातीलाही पायाखाली कुणी मिळते का, या प्रश्नाचे उत्तर फलटणच्या या दुकानदार बाईने दिले आहे. मिळते. ती आपल्या घरात भाकरी थापत असते. एवढा मोठा सिद्धान्त कुठल्याही विद्यापीठाची पायरी न चढता मांडला गेला, आणि आपण त्याला ‘अनुभवाचे प्रांजळ कथन’ म्हणून मोकळे झालो.

दुसरा विषय बाळंतपणाचा. अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही अशा अवस्थेत कोवळ्या पोरी बाळंत होतात. अनुभवी म्हणवणाऱ्या बाया पुन्हा पुन्हा हात घालून पाहतात. नेसूच्या चिंध्यांखेरीज फडके नसते. बाळंतिणीला खायला काय, तर घराघरांतून मागून आणलेल्या पिठाची पातळ पेज. ती नसेल त्या दिवशी पोट आवळून पडून राहायचे. कधी आई जाते, कधी मूल जाते. प्रस्थापित वाचक ही पाने वाचून हळहळतात. हळहळ ही स्वस्त वस्तू आहे. ज्या वेशीबाहेर ही बाळंतपणे झाली ती वेस कुणी घातली, हा प्रश्न हळहळीत बुडून जातो.

आपल्या परंपरेत मात्र बाळंतपण हा पहिल्यापासून राजकीय विषय आहे. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला, तेव्हा मांग-महारांच्या बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते, त्या थंडीवाऱ्यात कुडकुडतात, हे तिने स्पष्ट नोंदवले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. १९३८ साली संततिनियमनाविषयीचा त्यांचा ठराव रोहम यांनी विधिमंडळात मांडला. तो फेटाळला गेला. १९४२ साली नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायांना सांगितले की मुलींची लग्ने घाईने करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका, आणि बायकोने नवऱ्याची गुलाम न होता मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे. ही ओळ लक्षात ठेवून ‘जिणं आमचं’मधली बाळंतपणाची पाने वाचली तर ती रडगाणे वाटत नाहीत. मुक्ता साळवेने जे एका परिच्छेदात मांडले तेच सव्वाशे वर्षांनंतर बेबीताई पुन्हा मांडत आहेत, एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि तो पुरेसा भयंकर आहे.

आता या पुस्तकावरच्या एका जुन्या आक्षेपाकडे वळू. खाजगीत तो अनेकांनी बोलून दाखवला आहे. सुनेचा खोडा, कापलेले नाक, घरातली मारझोड हे सगळे बाहेर सांगितल्याने शत्रूच्या हाती कोलीत मिळते, असा तो आक्षेप. घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला? या आक्षेपाची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सवर्ण वाचक असे प्रसंग नेमके उचलतात आणि ‘बघा, यांच्यातही’ म्हणून स्वतःचे अंग काढून घेतात. पण शत्रू काय म्हणेल यावर आपले बोलणे ठरवायचे असेल तर विद्रोह कशाचा केला? मेलेल्या ढोराचे मांस खात होतो, हे सांगायला आपण लाजलो नाही. ते सांगणे म्हणजे व्यवस्थेवर बोट ठेवणे, असे आपण छातीठोकपणे म्हटले. मग सुनेच्या पायातल्या खोड्याविषयीच लाज का वाटावी? फरक एवढाच की ढोराच्या मांसाचा दोष गावावर जातो आणि खोड्याचा दोष आपल्या बापावर, आजीवर, आपल्यावर येतो.

येथवर बेबीताई जे बोलल्या त्याविषयी झाले. आता जे बोलल्या नाहीत त्याविषयी. या पुस्तकात त्यांचा स्वतःचा संसार जवळजवळ नाही. सासुरवाशिणींचे हाल आहेत, पण फलटणच्या घरातल्या तरुण बेबीचे हाल नाहीत. वडिलांविषयी मात्र त्या लिहितात. वडील मिस्त्री, कंत्राटदार, हात सढळ, लोकांसाठी जीव टाकणारे. तरीही आपल्या बायकोला घरात कोंडून ठेवण्यात त्यांना प्रतिष्ठा वाटे, आणि आई पिंजऱ्यातल्या पाखरासारखी झाली, हे त्या नोंदवतात. आईविषयी एवढे सांगणारी लेक स्वतःविषयी गप्प आहे.

ही गप्प राहण्याची गाठ २००८ साली थोडी सुटली. माया पंडित यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्यासोबत बेबीताईंची मुलाखत छापली. त्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले की नवरा संशय घेई, मारी. इतर बायांच्या वाट्याला जे आले ते माझ्याही वाट्याला आले, ते उघड कसे सांगायचे, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. म्हणजे खोडा घातलेल्या अनोळखी पोरीविषयी लिहिताना या बाईने स्वतःचा पायही त्यात मोजला होता. ‘आमचं’ या शब्दात ‘माझं’ लपलेले होते. वही जशी कोपऱ्यात लपली, तसे.

काही समीक्षक या मौनाला पुस्तकाची उणीव म्हणतात. लेखिकेने पुरता मोकळेपणा दाखवला नाही, असे त्यांचे म्हणणे. मला हा निवाडा घाईचा वाटतो. मोकळेपणा हा केवळ स्वभावाचा गुण नाही. त्याला जागा लागते, आधार लागतो, उद्या कुठे राहायचे याचे उत्तर लागते. बेबीताईंच्या पुस्तकाच्या दोन वर्षे आधी, १९८४ साली, मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आले. सत्तावीस वर्षांची आई, कवयित्री, शाहीर अमर शेखांची मुलगी, आणि आपल्या चळवळीच्या अत्यंत मोठ्या कवीची पत्नी. तिने नवऱ्याची मारहाण, त्याच्याकडून आलेला आजार, मुलाच्या ताब्यासाठीची ओढाताण, सगळे नावानिशी लिहिले. त्या मोकळेपणाचे आपण काय केले? बाहेरच्यांनी ते चवीने वाचले. आपल्यातल्या अनेकांनी ‘ही आपली नव्हेच’ म्हणून कानाआड केले. नेत्यावर टीका म्हणजे चळवळीवर टीका, असे समीकरण आपण इतके घट्ट बांधून ठेवले होते की त्यात एका लहान मुलाच्या आईला जागाच उरली नाही. बेबीताई गप्प राहिल्या म्हणून त्यांचे कौतुक झाले, मलिका बोलली म्हणून तिला दूर ठेवले गेले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मौनाची किंमत कळते.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी वाटा आहेत. शांताबाई कांबळे यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’मध्ये आपलीच गोष्ट ‘नाजा’ या मुलीची म्हणून सांगायला सुरुवात केली. नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर त्या बाहेर पडल्या, मास्तरीणपणाच्या पगारावर उभ्या राहिल्या. पगार होता म्हणून बाहेर पडता आले, हे त्या कथनातून लख्ख दिसते. कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये दाखवले की संस्कृतची पदवी मिळवूनही नोकरी मिळते ती नवऱ्याचे सवर्ण आडनाव लागल्यावर. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’पर्यंत, म्हणजे २००३पर्यंत, आपण येतो तेव्हा नवऱ्याशी झालेला संघर्ष, शिकण्यासाठी घरात द्यावी लागलेली झुंज आणि गमावलेला मुलगा या साऱ्याविषयी बाई थेट ‘मी’ म्हणून बोलते. ‘आमचं’पासून ‘मी’पर्यंतचा हा प्रवास आपोआप झाला नाही. प्रत्येक पुस्तकाने पुढच्या पुस्तकाला थोडी जागा करून दिली. बेबीताईंनी सुनेचा खोडा बोलून दाखवला नसता तर पुढच्या बाईला नवऱ्याचा हात बोलून दाखवणे अधिक जड गेले असते.

‘जिणं आमचं’मध्ये उणिवा नाहीत असे नाही. बाबासाहेबांच्या जेजुरीच्या भाषणानंतरचा भाग वाचताना हे जाणवते. बाबासाहेब म्हणाले, पोरे देवाला वाहण्यापेक्षा शाळेत घाला, आणि महारवाडा जागा झाला. बायांनी हे किती निष्ठेने केले त्याचे वर्णन अंगावर रोमांच आणते. पण घरातल्या सासूसुनेच्या नात्याचे पुढे काय झाले? शाळेत गेलेल्या मुलाने आपल्या बायकोला कसे वागवले? खोडा गेला, त्याच्या जागी काय आले? लेखिका येथे थांबते आणि शिकून साहेब झालेल्यांना कृतघ्नपणाबद्दल फटकारू लागते. फटकारे योग्य आहेत, पण त्यांत विवेचन पातळ होते. पुस्तकाच्या पूर्वार्धात घराची जी निर्दय चिकित्सा आहे ती उत्तरार्धात भाषणाच्या सुरात विरून जाते. याचे कारण लेखनशक्तीची कमतरता नाही असे मला वाटते. भूतकाळातल्या घराविषयी बोलणे शक्य होते. आजच्या घराविषयी बोलायचे तर ते घर शेजारच्याच खोलीत झोपलेले होते.

मी स्वतः हे पुस्तक बरीच वर्षे वर्गात शिकवले. जेजुरीचे भाषण, मेलेल्या ढोराचा त्याग, शाळेतली वेगळी बसवणूक हे सगळे तळमळीने सांगितले. सुनेच्या खोड्याचे प्रकरण मात्र ‘घरी वाचून या’ म्हणून सोडले. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर आली. ती बाहेरून परीक्षा देत होती, लहान मूल आईपाशी ठेवून यायची. तिने विचारले, “सर, नेमकं हेच प्रकरण तुम्ही दरवर्षी घरी का वाचायला सांगता? घरी हे वाचता येत नाही. घरी तेच चालू असतं.” मला उत्तर देता आले नाही. पुढच्या तासाला मी तेच प्रकरण उघडले. मुले खाली मान घालून बसली होती, मुली वर पाहत होत्या. एवढी शांतता मी त्या वर्गात पूर्वी अनुभवली नव्हती.

त्या मुलीच्या प्रश्नाने समीक्षेची एक कसोटी माझ्या हाती दिली. साहित्यकृती विद्रोही आहे की नाही हे ती बाहेरच्या शत्रूवर किती तुटून पडते एवढ्यावरूनच ठरवता येणार नाही. ती वाचून घरात कुणाला मान खाली घालावी लागते आणि कुणाला मान वर करता येते, हेही पाहिले पाहिजे. या कसोटीवर ‘जिणं आमचं’ आपल्या अनेक गाजलेल्या पुस्तकांच्या पुढे उभे राहते.

आणि कसोटी फक्त पुस्तकांना लावून चालणार नाही. आपल्या सभा रात्री उशिरापर्यंत चालतात. त्या वेळी कार्यकर्त्यांची मुले कोण झोपवते? जयंतीच्या व्यासपीठावर रमाईच्या त्यागावर भाषणे होतात. भाषण करणाऱ्याच्या घरची बाई त्या वेळी श्रोत्यांत असते की मांडवामागे चहाच्या पातेल्यापाशी? नियतकालिकाकडे येणाऱ्या हस्तलिखितांत बाळंतपण, दूध पाजणे, सासर, मारहाण यांवरची किती पाने आपण ‘कौटुंबिक’ म्हणून परत पाठवतो? आज एखादी तरुण आई घरातल्या माणसांपासून वही लपवत असेल, तर तिची वही आधी आपल्याकडे यावी असे आपण काय केले आहे?

बेबीताईंनी वीस वर्षे वाट पाहिली. तेवढी वाट आता कुणाला पाहायला लावू नये. तरुण मित्रमैत्रिणींना एवढेच सुचवायचे आहे : ‘जिणं आमचं’ पुन्हा काढा, सुनेच्या खोड्याचे प्रकरण अभ्यासवर्गात मोठ्याने वाचा, आणि वाचून झाल्यावर पुरुषांनी थोडा वेळ गप्प बसावे. बायांना बोलू द्यावे. त्या काय बोलतील ते कदाचित आपल्याला आवडणार नाही. पण ते ऐकण्याची तयारी नसेल, तर दुसऱ्यांनी आपले ऐकावे ही मागणी करण्याचा आपला अधिकार कमी होतो.